लॉवेलचे कापड

आधी सामाजिक की आधी राजकीय, हा आगरकर-टिळकांच्या काळातला वाद आपण शाळेत शिकलो. आता त्याच्या जागी ‘आधी आर्थिक’ येऊन बसले आहे. देशात कारखाने येऊ द्या, रस्ते होऊ द्या, लोकांच्या हातात चार पैसे खेळू द्या, मग जात, हुंडा, मजुरांचे हाल हे सारे यथावकाश मार्गी लागेल, असे म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच जण माझ्याहून हुशार आहेत. दाखला बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो. नवा देश, विस्तीर्ण जमीन, कष्टाळू माणसे. आधी श्रीमंत झाले आणि मग सुधारले, असा त्याचा मथितार्थ. हा दाखला मलाही पूर्वी पटत असे. आता पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे बॉस्टनला गेलो असताना जवळचे लॉवेल हे गाव पाहिले. मेरिमॅक नदीचे पाणी कालव्यांतून वळवून तिथे 1820 च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका गिरणीत आता संग्रहालय आहे आणि एका दालनात जुने माग अजून चालवून दाखवतात. आत जाण्याआधी कानात घालायला बोळे देतात. मी ते हातातच ठेवले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, एकोणतीस वर्षे होते. घरात ते कायम ओरडून बोलत आणि त्यांनी रेडिओ लावला की शेजारचे काका भिंतीवर थाप मारत. त्या दालनात पाऊल टाकले तेव्हा आधी पायाखालची जमीन थरथरली आणि मागोमाग आवाज अंगावर आला. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत होता, आणि तेव्हा चालू होते ते थोडेच माग. सगळे खाते एकदम चालू असताना माणसाच्या कानाचे काय होत असेल, हे वडिलांनी कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

लॉवेलच्या या मागांवर सुरुवातीला होत्या त्या न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांच्या लग्न न झालेल्या मुली. कंपनीच्या वसतिगृहात एकेका खोलीत चौघी-सहाजणी, एका पलंगावर दोघी. पहाटेपासून घंटेवर दिवस चाले आणि काम बारा-तेरा तास. तरीही घरच्या गोठ्यातून निघून आलेल्या त्या मुलींच्या हाती आयुष्यात प्रथमच रोख मजुरी पडली, हे विसरून चालणार नाही. त्यांनी पुस्तके वाचली, व्याख्याने ऐकली, 1840 पासून स्वतःचे मासिक चालवले. आणि याच मुलींनी 1834 मध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध आणि 1836 मध्ये वसतिगृहाचे दर वाढवल्याबद्दल माग सोडून रस्त्यावर येण्याचे धैर्य दाखवले. पुढे 1845 मध्ये सारा बॅगली हिच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गेले. विधिमंडळाच्या समितीने साक्षी घेतल्या, सारे ऐकून घेतले आणि अखेर हा विषय कायद्याने सोडवण्याजोगा नाही असा निर्वाळा दिला. बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो 1874 मध्ये. म्हणजे मधली एकोणतीस वर्षे गिरण्या वाढत होत्या, नफा वाढत होता आणि घड्याळ मात्र जागचे हलत नव्हते. एकोणतीस हा आकडा मला उगाच लागला, हे कबूल करतो.

पण खरी गोष्ट कापसाची आहे. एली व्हिटनीचे सरकी काढणारे यंत्र, म्हणजे जिन, 1793 मध्ये आले. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हाताने काढायची तर माणूस दिवसाकाठी जेमतेम शेर-अर्धा शेर रुई काढी. ते काम या यंत्राने कैक पटींनी वाढवले. आजच्या भाषेत याला आपण कष्ट वाचवणारे तंत्रज्ञान म्हणू. प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकेत 1790 च्या शिरगणतीत सुमारे सात लाख गुलाम होते. 1860 च्या शिरगणतीत ते साडेएकोणचाळीस लाख झाले. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर 1808 पासून कायद्याने बंदी होती, तरीही ही वाढ झाली. व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपीच्या नव्या काळ्या जमिनीकडे माणसे विकली आणि हाकलली जात होती. देशांतर्गत झालेल्या या सक्तीच्या स्थलांतरात दहा लाखांच्या आसपास लोक सापडले. देशाच्या एकूण निर्यातीच्या निम्म्याहून अधिक मूल्य 1860 च्या सुमारास एकट्या कापसाचे होते. जी वाढ सुधारणा घेऊन येते असे आपण मानतो, त्या वाढीने इथे मरणपंथाला लागेल असे अनेकांना वाटणाऱ्या प्रथेला नवे आयुष्य दिले.

आणि लॉवेलच्या गिरण्यांत तयार होणाऱ्या मालात एक जाडेभरडे, मांजरपाटासारखे स्वस्त कापड असे. दक्षिणेतले मळेवाले ते गुलामांच्या कपड्यांसाठी ठोक भावाने घेत, आणि मळ्यांवर त्या कापडाला नावच पडले होते ‘लॉवेल’. मिसिसिपीत वेचलेला कापूस मॅसॅच्युसेट्सला जायचा आणि तो वेचणाऱ्याच्या अंगावर परत यायचा. मध्ये बारा तास उभी राहिलेली शेतकऱ्याची मुलगी. मॅसॅच्युसेट्सचे गुलामीविरोधी पुढारी चार्ल्स समनर यांनी 1848 मध्ये चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांच्या युतीवर बोट ठेवले होते, ते याच अर्थाने. उत्तरेतल्या कित्येक सभ्य, दानशूर, चर्चला देणग्या देणाऱ्या गिरणीमालकांना गुलामीविरुद्ध बोलणारी माणसे उपद्रवी वाटत, यात नवल ते काय?

कापसाला जमीन लागते, आणि ती रिकामी नव्हती. जॉर्जियातल्या चेरोकी या आदिवासी लोकांची कहाणी ‘आधी तुम्ही सुधारा, मग हक्क मिळतील’ असे सांगणाऱ्यांनी अवश्य वाचावी. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्याच माणसाने 1821 पर्यंत त्यांच्या भाषेसाठी लिपी सिद्ध केली. त्यांनी 1827 मध्ये लिखित राज्यघटना केली, 1828 मध्ये वृत्तपत्र काढले. शेती, शाळा, छापखाना; काहींनी तर शेजारच्या गोऱ्या मळेवाल्यांप्रमाणे गुलामही बाळगले, म्हणजे त्या काळच्या ‘प्रगती’ची एकही अट त्यांनी बाकी ठेवली नाही. त्यांच्यात राहून काम करणारे मिशनरी सॅम्युएल वुस्टर यांना जॉर्जिया राज्याने तुरुंगात टाकले. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याविरुद्ध निकाल दिला. तो निकाल कागदावरच राहिला. 1838-39 मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे नेण्यात आले आणि त्यांतले अंदाजे चार हजार दगावले. त्यांनी सोडलेल्या मुलखात पुढे मका आणि कापूस पिकला.

एवढे वाचून कोणी म्हणेल की हा गृहस्थ वाढीच्याच विरोधात आहे. तसे नाही. ईरी कालव्याचे उदाहरण घ्या. 1817 ते 1825 या आठ वर्षांत, बहुतांशी फावडी, कुदळी आणि जनावरांच्या बळावर, बफेलोपासून ऑल्बनीपर्यंत सुमारे 584 किलोमीटर लांबीचा आणि 83 लॉक (होड्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे) असलेला कालवा खणला गेला. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला शंभर डॉलर पडत, ते दहाच्या आसपास आले. कालव्याकाठचे रॉचेस्टर 1820 ते 1830 या दहा वर्षांत दीड हजार वस्तीवरून नऊ हजारांवर गेले. ज्या होड्यांतून पीठ जात होते, त्यांतूनच धर्मप्रवचनकार, वृत्तपत्रे आणि पत्रके जात होती. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1847 मध्ये आपले वृत्तपत्र याच रॉचेस्टरमधून सुरू केले. स्त्रियांच्या हक्कांची जुलै 1848 ची पहिली परिषद जिथे भरली ते सेनेका फॉल्स हे गावही याच जलमार्गाच्या जाळ्यावरचे. स्वस्त टपाल, स्वस्त कागद, वाहतूक आणि रोख मजुरी नसती तर या चळवळी एवढ्या लवकर पसरल्या नसत्या, हे मी मान्य करतो.

मात्र वाढीला सोयीच्या सुधारणा कोणत्या आणि गैरसोयीच्या कोणत्या, हे पाहण्यासारखे आहे. दारूबंदीची चळवळ झपाट्याने फोफावली. कामगारांना कामावरच व्हिस्की देण्याची जुनी चाल मालकांना आता परवडेनाशी झाली होती, कारण यंत्रापुढे शुद्धीवरचा माणूस लागतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा मिसिसिपीने 1839 मध्येच केला, न्यूयॉर्कच्या नऊ वर्षे आधी. ऐकून बरे वाटते. पण 1837 च्या मंदीनंतर नवऱ्याच्या कर्जापायी बायकोच्या माहेरची मालमत्ता सावकाराकडे जाऊ नये म्हणून तो आला होता, आणि त्यातली बहुतेक कलमे बायकोच्या मालकीच्या गुलामांविषयी होती. एका सुधारणेच्या पोटात दुसऱ्याची बेडी.

सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर 68 स्त्रिया आणि 32 पुरुषांनी सह्या केल्या. त्यांत चार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण मुलगी होती. ती घरी बसून हातमोजे शिवायची आणि मिळणारी तुटपुंजी मजुरी तिची स्वतःची होत नसे. मताधिकाराचा ठराव परिषदेत कसाबसा, डग्लस यांनी जोर लावल्यावर, मंजूर झाला. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला 1920 मध्ये. सह्या करणाऱ्यांपैकी तोवर हयात होती ती एकटी वुडवर्ड, आणि आजारपणामुळे तिला मत देता आले नाही. मधल्या बहात्तर वर्षांत अमेरिका जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था होऊन गेली होती.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. वुस्टर ज्या अमेरिकन मंडळाचे मिशनरी होते, त्याच मंडळाची माणसे 1813 पासून मुंबईत होती. त्याच मंडळाकडून न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आली. लॉवेलच्या गिरणीतल्या कित्येक मुली ज्या भागातून आल्या, त्याच भागातली ही. पुढे तिची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये, म्हणजे सेनेका फॉल्सच्याच वर्षी, पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना कोणाचे ऋण वाटले, ते पाहा: गिरण्यांचे नव्हे, कालव्यांचे नव्हे, ज्यांनी पदराला खार लावून भांडण केले त्यांचे.

गुलामी ज्याने संपली त्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा दुसरा हप्ताही आपल्याकडे आला होता. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे 1861 पासून मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, बँका आणि शेअर कंपन्या भूछत्रासारख्या उगवल्या, वऱ्हाड-खानदेशात कापसाचे क्षेत्र वाढले. 1865 मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे भाव कोसळले. तेजीत सैल झालेली सावकाराची मूठ आवळली गेली, त्यात सारावाढ आली. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे मागून घेऊन जाळले.

संग्रहालयाच्या दुकानातून मी तिथे विणलेल्या कापडाचा एक पंचा आणला होता. आईने तो बोटांत धरून चाचपला, उजेडाकडे करून वीण पाहिली. गिरणी कामगाराची बायको म्हणून तिला कापडातले कळते. लॉवेल, मळे, कापूस यांतले मी तिला काहीच सांगितले नव्हते. “जाडंभरडं आहे रे,” ती म्हणाली. “अंगाला टोचेल. कुणी घालायचं हे?”