सातवी जनरेशन म्हणजे भंगार? कुणी सांगितलं?

सांगलीतल्या निम्म्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, की विंडोज १० बंद झालं, इंटेलच्या सातव्या जनरेशनपर्यंतचे (म्हणजे आय५-७५०० सारखे, नावातल्या ७ वरून सातवी पिढी) सगळे प्रोसेसर भंगार, जुना प्रोसेसर दरवर्षी स्लो होत जातो, जनरेशनचा आकडा मोठा तेवढं मशीन फास्ट, तर लगेच एक्स्चेंज करून टाका. आणि खाली एक्स्चेंजवाल्याचा नंबर, तो कसा विसरतील!

'विंडोज १० बंद' म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. मशीन चालूच राहतं. सिक्युरिटी अपडेटशिवाय नेटबँकिंग करू नका हे बरोबर, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव मुदतीचे सिक्युरिटी अपडेट आहेत, नाहीतर विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका.

सातवी जनरेशन भंगार म्हणे. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची लिस्ट इंटेलमध्ये साधारण आठव्यापासून सुरू होते, मान्य, पण आय५-७५०० आणि आय३-८१०० शेजारी ठेवून बघा की, दोन्हीत चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६ एमबी कॅश (आतली छोटी फास्ट मेमरी), आतलं डिझाइन पण जवळजवळ तेच, तरी एक लिस्टमध्ये आणि एक बाहेर. मग स्पीडचा संबंध आला कुठं?

आता स्लो होण्याचं. ३.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दहा वर्षांनीपण ३.४ चाच असतो, फक्त तापला की स्वतःच स्पीड कमी करतो. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याचा पीसी उघडला तर हीटसिंकच्या (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पट्ट्यांत हळदीचा थर असा बसलेला की फॅन फिरतोय पण हवा जायला जागाच नाही, आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत. ब्लोअर मारला, पेस्ट लावली, हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा फास्ट डिस्क टाकली, आता टॅली क्लिक केल्या केल्या उघडतंय. तुमचंही हळू चालत असेल तर आधी टास्क मॅनेजर बघा, डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) निवांत असेल तर प्रोसेसरला कशाला शिव्या देताय?

कोअर २ ड्युओ या इंटेलच्या फारच जुन्या प्रोसेसरवाल्यांनी मात्र आशा सोडा. त्यात पॉपकाउंट नावाची इन्स्ट्रक्शनच (प्रोसेसरला कळणारा हुकूम) नाही, त्यामुळं विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन जुगाड करूनही बूट होत नाही. चौथ्या जनरेशनवर यूट्यूबचा ४के व्हिडिओ लावला तरी दम लागतो, कारण यूट्यूबचा व्हीपी९ हा व्हिडिओ फॉरमॅट उलगडायला (डीकोड करायला) वेगळं हार्डवेअर नाही, सगळा भार कोरवर.

राहिला मोठ्या आकड्याचा मुद्दा. आय५-१३४०० आणि १४४००, दोन्हीत दहा कोर, सोळा थ्रेड, टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त स्पीड, ४.६ गिगाहर्ट्झचा ४.७ झाला एवढंच. दुकानदार नवीन जनरेशन म्हणून जास्त पैसे मागायला लागला तर हा ०.१ चा हिशोब त्याच्यापुढं ठेवा आणि बघा काय बोलतोय.