मॅच पॉज होत नाही

लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी लेकालाच विचारलं. "माझं नाव टाकू नकोस, बाकी लिही," म्हणाला. म्हणून लिहितेय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पानं वाढलेली, तीन हाका मारून झालेल्या. चौथ्या हाकेला "आलो, दोन मिनिटं". वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. मी तणतणत खोलीत गेले आणि गेम चालू असलेला हातातला फोन ओढून घेतला. एरवी झुरळाला घाबरणारा माझा पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला. मारलं नाही त्यानं. पण हात उगारला होता, आणि तो तसाच वर राहिला. खाली कसा आणायचा हे त्याचं त्यालाच कळेना. मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला. त्या रात्री कोणी जेवलं नाही. सासूबाईंनी आमटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू. वायफाय काढून टाका. होस्टेलला घाला. दोन कानाखाली द्या, सरळ होईल. "आमच्या वेळी नव्हतं हो हे असलं," असं जे दीर म्हणाले, ते स्वतः दहावीच्या वर्षी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असायचे. असो.

मी त्याला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले. वाटलं होतं, आधी विचारतील किती तास खेळतो. मी हिशेब तोंडपाठ करून गेले होते. त्यांनी तो विचारलाच नाही. झोपतो कधी? मित्राच्या घरी शेवटचा कधी गेला होता? आधी आवडीनं करायचा आणि आता सोडून दिलं, असं काय काय आहे? मला एकाचंही धड उत्तर देता येईना.

जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या आजाराची आपल्या आजारांच्या यादीत नोंद केली आहे, 1 जानेवारी 2022 पासून ती लागूही झाली. पण त्यातही तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा त्याला आजार म्हणायचं. म्हणजे सुट्टीत चार तास खेळणारा प्रत्येक पोरगा व्यसनी नसतो. उलट दोनच तास खेळणारा, पण ते रात्री एक ते तीन खेळणारा, जास्त अडचणीत असू शकतो. आमचं पोर त्या दुसऱ्या जातीचं निघालं.

आणि मग तिसऱ्या की चौथ्या भेटीत एक गोष्ट बाहेर आली, ती अजून माझ्या घशाशी अडकते. आम्ही दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून पुण्याला आलो. ह्यांची बदली. आठवीतून नववीत जाताना शाळा बदलली. नव्या वर्गात याला 'ए सातारा' म्हणायचे आणि मधल्या सुट्टीत एकटं सोडायचे. घरी त्यानं चकार शब्द काढला नाही. त्या गेममधला त्याचा स्क्वॉड म्हणजे साताऱ्याच्या वर्गातली तीन पोरं. रात्री अकरानंतर त्या तिघांच्या घरचे झोपायचे, मग चौघं एकत्र यायचे. मी हातातून ओढला तो त्याच्या लेखी फोन नव्हताच. सातारा होता.

उदासी गेमच्या आधीपासून होती. गेमनं ती झाकली आणि मग झोप खाऊन वाढवली. बाईंचं म्हणणं, बऱ्याच मुलांचं असंच असतं. फोन काढला की खालची जखम उघडी पडते, आणि तिच्यासाठी घरात कोणाकडे काहीच नसतं. फोन काढून घेतला म्हणून मुलानं जिवाचं बरंवाईट केल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि 'आजकालची पिढी' म्हणून पान उलटतो. घरात तसं बोलणं कानावर पडलं तर 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

त्यानंतर मी एक रविवार त्याच्या शेजारी बसून काढला. तेव्हा कळलं की या मॅचला पॉजच नसतो. पंचवीस-तीस मिनिटांची मॅच, मध्ये उठलं की तिघं उघडे पडतात आणि रँक घसरते. "भाई कव्हर दे, रिव्हाइव्ह कर" असं पलीकडून कोणी ओरडत असताना "पोळी गार होतेय" ही माझी हाक कुठे ऐकू येणार? म्हणून गेम साधाभोळा आहे असं मी म्हणत नाही. रोज उघडला नाही तर बक्षीस बुडतं. सीझन संपला की रँक खाली येते, पुन्हा चढा. नशिबाचं चक्र फिरवायचं, बंदुकीचा नवा रंग लागला तर लागला. ह्यांच्या खात्यातून असे थोडेथोडे करून 4,700 रुपये गेले होते. आणि गेममधल्या नोंदीत माझा मुलगा 1995 साली जन्मलाय. माझं लग्न 2006 चं.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. चांगलंच झालं, रमीनं घरं धुऊन निघालीत. पण पोरांची ही चक्रं त्यात येत नाहीत, कारण तिथून पैसे परत मिळत नाहीत, नुसते जातात. बेल्जियमनं 2018 मध्येच पैसे घेणाऱ्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे त्यावर फारशी चर्चासुद्धा कानावर येत नाही. नुसत्या बंदीवर माझा फार भरवसा नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी बंद झाला, पोरं दुसऱ्या गेमवर गेली. दक्षिण कोरियानं 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते, दहा वर्षांनी कायदाच मागे घ्यायचं ठरवलं.

मला पटलं ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांचे आणि मोठ्यांचेही. मी ती बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. अकरा अंगठे आले. मग एकीनं विचारलं, "सातला माझी मालिका असते, आठ नाही का चालणार?"

आमच्या घरी भोंगा नाही. रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर जातात, ह्यांचाही, आणि सगळ्यात जास्त कुरकुर त्यांचीच असते. महिन्यातून एकदा तो एसटीनं साताऱ्याला जातो. पुन्हा पोहायला लागलाय. कधी कधी पहाटे फ्रिजवरचा एक फोन कमी असतो, तेही लिहायलाच हवं.

परवा भाजी फोडणीला टाकली आणि आतून आवाज आला, "आई, शेवटचा झोन आहे, पाच मिनिटं."

मी गॅस बारीक केला.