तिसऱ्या पिनला काही किंमत आहे की नाही?

तीन रविवार. अख्खे तीन रविवार मी त्या ॲम्प्लिफायरच्या हमिंगमागे घालवले. मीच बांधलेल्या जुन्या स्टीरिओ ॲम्पमध्ये फोनो प्रीॲम्प बसवला, रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल मोठा करणारा. रेकॉर्ड प्लेअर जोडला की दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽऽ. ट्रान्सफॉर्मर फिरवला, लांब केला. सगळे ग्राउंड सोडवून एका पॉइंटवर आणले. शील्डेड वायर टाकली, शील्ड एकाच टोकाला जोडली. पॉवर सप्लायचे ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून १०००० चे लावले. त्यासाठी ठाण्याच्या पाचपाखाडीहून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दादरला गाडी बदलून! घरी येऊन मीटरवर घातले तर त्यातला एक २२०० दाखवतोय. वर छापलंय १००००. लोक असली फसवणूक करून शांत झोपतात कसे?

आणि इतकं करून आवाज होता तसाच. कारण तो ५० हर्ट्झचा, म्हणजे थेट मेन्सचा होता. सप्लायचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार असता तर १०० हर्ट्झची चरचर आली असती. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, प्रीॲम्प त्यांना शंभरपट करतो, आणि ५० हर्ट्झला तर जवळजवळ सातशेपट. तिथे जरा कुठून मेन्सचा वास आला तरी स्पीकर बोंबलणारच.

मग काल रात्री कॅबिनेटवर सहज हात टेकला आणि हमिंग निम्मं झालं. उचलला, परत सुरू. बोटांना बारीक झिणझिण्या. मल्टिमीटर घेतला, सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, ठीक. फेज-अर्थ १२१. न्यूट्रल-अर्थ १०८! न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर एक-दोन व्होल्ट असावेत, तिथे १०८! टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला, ढिम्म पेटला नाही. मेन बंद करून बोर्ड उघडला. हिरवी, म्हणजे अर्थची वायर आत आलेली आहे. पिनेपर्यंत पोचलेली नाही. अर्ध्यात कापून, काळी टेप गुंडाळून, बॉक्सच्या कोपऱ्यात कोंबून ठेवलीय. सॉकेटचा अर्थचा स्क्रू कोरा करकरीत, त्याला कधी पेचकस लागलेलाच नाही.

सहा महिन्यांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा नवीन वायरिंगचे रोख पैसे मोजलेत मी. हिरव्या वायरचेसुद्धा.

सकाळी त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. म्हणतो कसा, "काका, अर्थिंगचं एवढं काय घेऊन बसलात? पंखा चालतोय ना? फ्रिज चालतोय ना?" चालतोय ना! या दोन शब्दांनी डोकं उठवलंय माझं. लिफ्टचं दार अडकतं, चालतेय ना. जिन्यातल्या मीटर बॉक्सला झाकण नाही, चालतंय ना. दुकानदार थ्री-पिनचा प्लग टू-पिनमध्ये घालायचा कन्व्हर्टर हातात ठेवतो, वर सांगतो, सगळे हाच नेतात. आणि घरचे पाहुणे, "एवढी कटकट कशाला, ब्लूटूथ स्पीकर घे ना एक." नकोय मला! मला माझ्या रेकॉर्ड माझ्या हाताने बांधलेल्या ॲम्पवर ऐकायच्यात आणि त्यात काही चूक नाही.

अरे बाबा, तिसरी पिन शोभेला नसते. ती लांब आणि जाड मुद्दाम केलेली असते, प्लग घालताना आधी अर्थ लागावा म्हणून. आयएस ३०४३ हे अख्खं भारतीय मानक अर्थिंगवर आहे. आणि हा माणूस ती वायर कापून टेप लावतो!

खात्री करायला समोरच्या वहिनींकडून एक्स्टेंशन ओढून आणलं. त्यांचं वायरिंग जुनं, बिल्डिंग बांधली तेव्हाचं. ॲम्प लावला, व्हॉल्यूम पूर्ण चढवला, स्पीकरला कान लावला. शांत. माझ्या ॲम्पमध्ये काही खोट नव्हती.

दुपारपर्यंत घरातले सगळे बोर्ड उघडून बघितले. सातपैकी पाचांत तीच काळी टेप. त्यातला एक बाथरूमबाहेरचा, गिझरचा. सहा महिने माझी आई रोज पहाटे त्या गिझरच्या पाण्याने अंघोळ करतेय.

तो उद्या अकराला येणार आहे. एकेक बोर्ड माझ्यासमोर उघडायचा, वायर जोडायची, टेस्ट लॅम्प पेटवून दाखवायचा, मगच प्लेट बसवायची. तोवर गिझरचा प्लग काढलाय आणि आईचं पाणी गॅसवर तापतंय.