डॉक्टरकीची मुलाखत: उसनं काय घ्यावं?

२०२४ च्या नीटमध्ये, म्हणजे एमबीबीएसच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेत, आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले. मग हजारीबाग आणि पाटण्याची पेपरफुटी सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली, पण सगळ्यांची फेरपरीक्षा काही झाली नाही. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, अमेरिकेसारखी मुलाखत घ्या, नुसते गोळे काळे करून डॉक्टर होत नाही. दुसरी म्हणते, मुलाखत आली की वशिला आला. न्यू जर्सीत बारावीतल्या मराठी मुलांकडून नेमक्या याच मुलाखतींची तयारी आम्ही करून घेतो. दोन्ही बाजू ज्या मुलाखतीबद्दल बोलतात ती आतून कशी असते, हे आधी सांगायला हवं.

इथे डॉक्टर व्हायचं तर साधारणपणे ४ वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा आणि मग ४ वर्षांचं मेडिकल स्कूल. काही विद्यापीठं मात्र शाळेतून निघतानाच दोन्ही जागा एकदम देतात. याला सगळे बीएस-एमडी म्हणतात. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत हा अभ्यासक्रम १९७१ पासून ६ वर्षांचा आहे, इतर ठिकाणी ७ किंवा ८ वर्षांचा. अर्ज नोव्हेंबरच्या आसपास जातात, मुलाखती बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये होतात. अनेक कार्यक्रमांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ व्हिसावरच्या (आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या) मुलांच्या पालकांनी ही अट सगळ्यात आधी तपासावी. मुलाखतीपर्यंत पोचून मग हे कळणं फार जिव्हारी लागतं.

आता मुलाखत. जुन्या पद्धतीत दोघं-तिघं समोर बसून अर्धा तास बोलतात. नव्या पद्धतीला एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) म्हणतात. ती कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला तयार झाली. एकाच माणसाने घेतलेली एकच मुलाखत भरवशाची नसते, कारण तो माणूस आणि तो प्रश्न यांवरच सगळं ठरतं. म्हणून त्यांनी मुलाखतीचे तुकडे केले. ६ ते १० खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. वाचायला साधारण २ मिनिटं, आत ६ ते ८ मिनिटं, मग घंटा आणि पुढची खोली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, बहुतेकदा त्याला मुलाचे गुणही माहीत नसतात. निकष आधी छापलेले. एका परीक्षकाला मूल आवडलं नाही, तरी बाकीच्यांकडून तोल सांभाळला जातो. वशिल्याची भीती बाळगणाऱ्यांनी ही रचना नीट पाहावी. एका खोलीतल्या ओळखीने इथे फारसं काही साधत नाही.

एक प्रसंग जवळून बघू, कारण आपली मुलं यात हमखास अडकतात. दारावर लिहिलंय: ‘तुम्ही हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक आहात. इंग्रजी न येणाऱ्या एका आजींना कॅन्सर निघाला आहे. त्यांचा मुलगा तुम्हाला म्हणतो, आईला सांगू नका, तुम्हाला आमची भाषा येते, तुम्हीच डॉक्टरांचं बोलणं सौम्य करून सांगा.’ अर्धी मुलं आत जाऊन सांगतात, रुग्णाचा हक्क आहे, सांगायलाच हवं. उरलेली सांगतात, आमच्या संस्कृतीत घरचे ठरवतात. दोन्ही उत्तरं तीस सेकंदांत संपतात आणि दोन्हींत आजी कुठेच नसतात.

दाराबाहेरच्या २ मिनिटांत चार गोष्टी मनात मांडायच्या: इथे माणसं कोण कोण आहेत, प्रत्येकाला कशाची भीती आहे, मला काय माहीत नाही आणि माझा अधिकार कुठे संपतो. मग आत गेल्यावर आधी मुलाची काळजी खरी आहे हे मान्य करायचं. तो खोटारडा नाही, घाबरलेला आहे. त्यानंतर म्हणायचं की स्वयंसेवकाने दुभाषी होणं योग्य नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला प्रशिक्षित दुभाषी द्यावाच लागतो आणि आणीबाणी सोडली तर लहान मुलांना दुभाषी करायला कायद्याची मनाई आहे. मुलाची विनंती लपवायची नाही, नर्सच्या किंवा डॉक्टरांच्या कानावर घालायची. आणि डॉक्टरांनी दुभाष्यामार्फत आजींनाच विचारावं: तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, की सगळं मुलाशीच बोलू? आजी म्हणाल्या मुलाशी बोला, तर तोही त्यांचाच निर्णय. एवढं अडीच-तीन मिनिटांत होतं. उरलेला वेळ परीक्षकाच्या उलट प्रश्नांसाठी मोकळा सोडायचा, कारण गुण तिथे मिळतात. ‘मुलगा चिडला तर?’ असं विचारल्यावर जो आधीचंच उत्तर मोठ्याने म्हणतो, त्याचं घोडं तिथेच अडतं.

काही खोल्यांत नट बसलेला असतो: रडणारी मैत्रीण, संतापलेला शेजारी. तिथे मुलं लगेच उपाय सुचवायला लागतात. आधी बसावं, समोरच्याला दोन वाक्यं पूर्ण बोलू द्यावं, जे ऐकलं ते एकदा त्याला सांगून बघावं. काही खोल्यांत एकाने चित्राचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने न बघता ते काढायचं. हुशार मुलं इथे भराभर बोलतात आणि समोरच्याचा कागद कुठवर आलाय हे विचारतच नाहीत.

मग ठरलेले प्रश्न. ‘डॉक्टर का?’ याला ‘लोकांची सेवा’ हे उत्तर पुरत नाही, कारण पुढचा प्रश्न तयार असतो: मग नर्स का नाही? फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा) का नाही? त्या कामांतला फरक माहीत असेल तरच उत्तर निघतं. ‘बीएस-एमडीच का?’ याला ‘एमकॅट टळते’ असं म्हणणारा बाद होतो, आणि कित्येक ठिकाणी तर ती टळतही नाही, ठरावीक गुण मिळवावेच लागतात. वाचलेल्या वर्षांचं किंवा मिळालेल्या निश्चिंतीचं काय करणार, हे ठोस सांगता यायला हवं. जीपीएची (कॉलेजातल्या गुणांच्या सरासरीची) अट किती, ती मोडली तर काय होतं, दुसरीकडे अर्ज केला तर जागा जाते का, हे त्या त्या कार्यक्रमाच्या कागदांतून वाचून जावं.

आणि गाव माहीत हवं. न्यूअर्कच्या मेडिकल स्कूलला जाणाऱ्याला १९६७ च्या दंगलीमागे मेडिकल कॉलेजसाठी वस्ती हटवण्याचा वाद होता, १९६८ च्या करारात जागा कमी झाली आणि स्थानिकांना आरोग्यसेवा व नोकऱ्यांचा शब्द दिला गेला, हे ठाऊक असावं. २०१९ पासून तीनेक वर्षांत तिथले सुमारे २३ हजार शिशाचे नळ बदलले गेले, हेही. हे पाठांतर नाही. ज्या माणसांवर तुम्ही शिकणार आहात त्यांची ही किमान ओळख आहे.

तयारीचा गाभा मात्र वही आहे. नववी-दहावीपासून वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलमध्ये जाऊन आल्यावर त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं, मी काय केलं, काय कळलं नाही. मुलाखतीआधी त्यातले ८ ते १० प्रसंग निवडायचे आणि प्रत्येकाचे फक्त मुद्दे लक्षात ठेवायचे. पूर्ण वाक्यं पाठ केली की मुलाचे डोळे छताकडे जातात. उत्तर दीड ते दोन मिनिटांचं. फोनवर रेकॉर्ड करून एकदा आवाज बंद करून बघावं, एकदा नुसतं ऐकावं. सराव मुलाखत आई-बाबांनी घेऊ नये. अनोळखी तिघांनी घ्यावी, आणि चार-पाचांपेक्षा जास्त नको, नाहीतर मूल पोपट होतं. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, उजेड समोरून, संपर्काचा फोन नंबर हाताशी, आणि खोलीत पालक नकोत.

मराठी पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘शॅडोइंगचे किती तास लागतात?’ शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघणं. तासांनी काही होत नाही. दोनशे तास डॉक्टरांच्या मागे उभं राहिलेलं मूल ‘इंटरेस्टिंग होतं’ एवढंच म्हणतं, आणि आठवड्याला दोन तास आजोबांना जेवू घालणारं मूल गिळताना ठसका लागणं म्हणजे काय ते सांगतं.

इथेच या पद्धतीचं खरं दुखणंही आहे. शॅडोइंग ओळखीच्या डॉक्टरकडे मिळतं. सल्लागार हजारो डॉलर घेतात. दुपारी शाळेनंतर दुकानात काम करणाऱ्या मुलाकडे वही लिहायला वृद्धाश्रमच नसतो. वशिला अमेरिकेतही आहे. तो मुलाखतीच्या खोलीत नाही, आधीच्या तीन वर्षांत आहे. त्यामुळे महाराष्ट्राने ही मुलाखत प्रवेशासाठी उसनी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नांदेडच्या शिकवणीत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला आज निदान पेपर सगळ्यांना सारखा आहे. शिवाय २०२४ ची नीट दिलेल्या २३ लाख मुलांना आठ-आठच्या गटांत बसवायचं तर पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या लागतील. पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजात नीटनंतर मुलाखत होते, पण ती मोजक्या जागांसाठी आणि सैन्याची गरज वेगळी.

तयारी मात्र जरूर घ्यावी, आणि ती प्रवेशानंतर. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजने हे ओळखलं होतं. नीट येण्यापूर्वी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. तो गेला, पण आश्रमातलं शिबिर आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेणं ही खरी शिकवण प्रवेशानंतरचीच. २०१९ पासून एमबीबीएसमध्ये वर्तन, नीती आणि संवादाचा अ‍ॅटकॉम हा भाग सक्तीचा आहे. तो व्याख्यानांत उरकण्याऐवजी खोल्यांत घ्या. १५० च्या तुकडीला आठ खोल्या, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे एका फेरीला ८० मिनिटं आणि एकूण १९ फेऱ्या. दोन रांगा समांतर लावल्या तर तीन दिवसांत होतं. आठांतले दोन परीक्षक बाहेरचे असावेत: एक अनुभवी परिचारिका, एक आशा कार्यकर्ती. पहिल्या वर्षी गुण देऊ नयेत, फक्त लेखी अभिप्राय द्यावा, आणि तिसऱ्या वर्षी त्याच खोल्या पुन्हा घ्याव्यात. प्रसंग मराठीत लिहावेत, धुळ्यात अहिराणीत, गडचिरोलीत गोंडीत, आणि ती भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याला दुभाष्यामार्फत बोलायचं कसं हेही त्याच खोलीत शिकवावं.