ऑस्कर लहानपणापासून सोबत वाढला तरी गप्पी खातोच

आपल्या लातूर-नांदेडकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की ऑस्कर माशाचं पिल्लू गप्पी, टेट्रा असल्या छोट्या माशांसोबत नाहीतर गोल्डफिशसोबत वाढवलं की त्याला सवय होती अन् मोठेपणी तो काही करत नाही. हे साफ चूक आहे.

ऑस्कर ३० सेंमीपर्यंत वाढतो अन् तोंडात मावंल ते गिळतो, तिथं ओळख-बिळख काही नसती. दोन इंचाचा असताना शांत वाटतो कारण तोंडच लहान असतं, पुढं जोडी लागली की एक कोपरा धरतो अन् जवळ येईल त्याला हाणतो. गोल्डफिश तर नकोच, त्याला थंड पाणी लागतं अन् ऑस्करला २५-२८ अंश, शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज, म्हणजे बी१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, सारखा खाण्यात आला तर ऑस्करचं बी१ कमी होतं.

सोबतीला मोठे सिल्वर डॉलर मासे पाच-सहा ठेवा, पण टाकी मोठी पाहिजे, मी तर सहा फूटच म्हणीन. अन् बोअरचं पाणी जड आहे म्हणून काहीजण आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे म्बुना मासे ऑस्करसोबत टाकायलेत, म्बुनाला जड पाणी मानवतं हे खरं, पण ते शेवाळ खाणारे, ऑस्करचं खाणं त्यांना सोसत नाही.

ज्यांनी आधीच सोडलेत त्यांनी गप्पी आजच वेगळ्या टाकीत काढा.