साडेपंधरा हजारांच्या कोटेशनमध्ये कोणाचे पैसे बसत नाहीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती, म्हणून इतर वाचकांसाठी तिचा गाभा आधी मांडतो. ठाण्यात तुमचं ३,२०० चौरस फुटांचं ऑफिस, माणसं २८, रविवार बंद. साफसफाईसाठी दिवसभराच्या एका माणसाची तीन कोटेशनं आली: २४,४००, २२,८०० आणि १५,५००. तिन्ही जीएसटीसकट, सामान वेगळं. ‘सगळ्यात कमी दराचं कोटेशन आधी संशयाने बघा’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. माणूस एकच, झाडू-पोछा तोच, मग वरचे नऊ हजार ही निव्वळ दलाली, असं तुमचं म्हणणं. वेगवेगळ्या रंगांचे मॉप ही हॉस्पिटलची थेरं. एजन्सी ठेवून बघितली तेव्हाही फरशी चिकटच राहिली. आणि तुमच्या जुन्या मावशी ९ हजारांत, ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करून, टॉयलेट चकाचक ठेवत होत्या.

हा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो थांबण्यासारखा नाही. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि कमोड घासणारं माणूस वाकलेलंच असतं. बिनखिडकीच्या टॉयलेटमध्ये पंखा बंद असेल तर छातीत जळजळ, खोकला, श्वास कोंडणं इथपर्यंत गोष्ट जाते. कमोडसाठीच्या बहुतेक लिक्विडमध्येही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं, त्यामुळे ‘अ‍ॅसिड नाही, लिक्विड वापरतो’ म्हणूनही सुटका नाही. दोन्हींपैकी एकच वापरायचं. दुसरं वापरायचंच असेल तर आधी भरपूर पाण्याने धुऊन, मधे फ्लश करून. कोणत्याही एजन्सीच्या सुपरवायझरला हा एक प्रश्न विचारा. उत्तराला अडखळला तर बाकीचे प्रश्न विचारायची गरज नाही.

आता पैसे. कोटेशन दलाली आहे की नाही, हे त्याची फोड केल्याशिवाय कळत नाही, आणि फोड दहा मिनिटांत होते. महाराष्ट्रातलं किमान वेतन आस्थापनेचा प्रकार, परिमंडळ (म्हणजे ती कोणत्या भागात आहे) आणि कुशल-अकुशल यानुसार ठरतं. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणून पुढचा मूळ आकडा हिशोबापुरता धरलेला आहे, तुम्ही चालू दर घालून बघा.

समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये. त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता ७०० रुपये, म्हणजे कामगाराचा ढोबळ पगार १४,७००. मालकाच्या वाट्याचा पीएफ, त्यासोबतचा विमा आणि प्रशासकीय शुल्क धरून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ४७८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६. वर्षाला १५ दिवसांची पगारी रजा धरली तर महिन्याला ७०७. युनिफॉर्म, ओळखपत्र, बूट यांचे ३००. बेरीज १९,१७१. त्यावर एजन्सीचा ८ टक्के सेवा आकार १,५३४, आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी ३,७२७. आकडा येतो २४,४३२.

म्हणजे तुमचं पहिलं कोटेशन. ज्याला तुम्ही दलाली म्हणता ती यात दीड हजार रुपये आहे. त्यात सुपरवायझर, बदली माणूस आणि ऑफिसचा खर्च भागवायचा. जीएसटीचं म्हणाल तर तुमचा व्यवसाय नोंदणीकृत आणि करपात्र असेल तर ते ३,७२७ इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात. तुलना नेहमी जीएसटी वगळून करा. (डॉक्टरांचा दवाखाना असता तर गोष्ट वेगळी, आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे ते क्रेडिट मिळत नाही.)

दुसरं कोटेशन जास्त मजेशीर आहे. वरच्या हिशोबातून फक्त बोनस काढला तर आकडा २२,९४५ येतो, म्हणजे २२,८००च्या अगदी शेजारी. याचा अर्थ बहुधा इतकाच, की बोनस ‘प्रत्यक्षानुसार’ या शब्दाखाली बाहेर ठेवलाय आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षाचे १३,९९२ रुपये, वर सेवा आकार आणि जीएसटी, असं बिल येईल. यात गैर काही नाही. पण २४,४०० आणि २२,८०० यांत स्वस्त कोण, हे ठरवण्याआधी त्या ओळीचा अर्थ लेखी विचारून घ्या.

तिसरं. १५,५००मधून जीएसटी वजा केला की १३,१३६ उरतात. कामगाराचा नुसता पगारच १४,७०० होता. पीएफ, ईएसआय सोडाच, एजन्सीने एक रुपया नफा घेतला नाही तरी हा हिशोब जुळत नाही. तरीही एजन्सी तोट्यात जात नाही, कारण तिच्याकडे तीन वाटा असतात. एक, पगारच कमी द्यायचा. दोन, कामगार महिनाभर राबतो पण पीएफच्या ईसीआरमध्ये (दरमहा भरायच्या कामगारवार तक्त्यात) त्याचे १०-१२ दिवसच दाखवायचे आणि उरलेले एनसीपी, म्हणजे बिनपगारी दिवसांच्या रकान्यात टाकायचे. तीन, तुमच्याकडे दिवसभरासाठी म्हणून दिलेला माणूस साडेअकराला ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून निघतो आणि शेजारच्या इमारतीत दुसरी साइट करतो.

पहिल्या दोन वाटा कामगाराच्या खिशातून जातात, पण येतात तुमच्यापर्यंत. कंत्राटदाराने ईएसआय भरला नाही तर त्याची वसुली मुख्य मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून होऊ शकते. पीएफचंही तसंच, आणि थकलेल्या पगाराचंही. ओल्या फरशीवर घसरून हात मोडला आणि विमा नसला, तर तो प्रश्न एजन्सीच्या नव्हे, तुमच्या दारात उभा राहतो.

तपासायला कामगारालाच दोन प्रश्न विचारा, सुपरवायझर जवळ नसताना. पगार किती तारखेला होतो, आणि हातात किती येतो. वरच्या उदाहरणात कामगाराच्या वाट्याचा पीएफ १,६८० आणि ईएसआय १११ वजा होऊन बाईमाणसाच्या हातात १२,९०९ यायला हवेत. पुरुष असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० जातील. उत्तर ‘साडेनऊ’ आलं तर उरलेलं तुम्हीच ओळखा. तारीखही तितकीच महत्त्वाची. पगार वीस-बावीस तारखेला करणाऱ्या एजन्सीची माणसं टिकत नाहीत, आणि दर महिन्याला नवं माणूस म्हणजे दर महिन्याला तुमच्या ऑफिसचा पहिला दिवस.

इथवर तुमच्या विरोधात लिहिलं. आता तुमच्या बाजूने, कारण एका गोष्टीत माझा लेख खरंच कमी पडला. ३,२०० चौरस फुटांना आठ तासांचा माणूस लागतो का, हे मी तपासायला सांगितलंच नव्हतं.

मोजून बघू. झाडणं ४५ मिनिटं. पुसणं ५०. २८ टेबलं, प्रत्येकी दीड मिनिट, ४२. कचऱ्याचे डबे रिकामे करून पिशव्या बदलणं १५. तुमच्या दोन टॉयलेटमध्ये मिळून ३ कमोड, २ युरिनल, ३ बेसिन धरले, तर प्रत्येकी ३ मिनिटांप्रमाणे २४, आणि आरसा व फरशी १०. पँट्री २०. एकूण २०६ मिनिटं, साडेतीन तासांच्या आत. टॉयलेटच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी १५ मिनिटांच्या, मिळवल्या की चार तास. उरलेल्या चार तासांत तो माणूस चहा देतो, झेरॉक्स आणतो, कुरिअर घेतो. ते काम हवं असेल तर हाऊसकीपिंग नाही, ऑफिसबॉय मागा, आणि कोटेशनमध्ये तसं लिहा. टॉयलेट घासणाऱ्या हातांनी कपबशा विसळायला लावणं टाळा.

म्हणजे तुमच्या मावशींचे ९ हजार चार तासांचे असतील तर ते स्वस्त नव्हते, जवळपास रास्तच होते. अडचण दुसरीच आहे. २८ माणसांच्या आस्थापनेला पीएफही लागू होतो आणि ईएसआयही (२० आणि १० ही त्यांची मर्यादा), आणि अर्धवेळ माणूस त्यातून सुटत नाही. मावशींना थेट ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण पटावर घेऊन. मग वरचा सगळा हिशोब एजन्सीऐवजी तुमच्या अकाउंटंटला करावा लागेल, आणि त्या गावी गेल्या की बदली माणूस तुम्हालाच शोधावा लागेल.

‘सगळ्या एजन्सी त्याच वस्त्यांतली तीच माणसं देतात’ हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फरक सुपरवायझरमुळे पडतो. त्याच्याकडे किती साइट आहेत आणि तुमच्याकडे तो कोणत्या वारी, किती वाजता येणार, हे विचारा. ‘कधीही फोन करा, साहेब’ हे उत्तर नव्हे.

चिकट फरशीचं कारणही बहुतेक वेळा तोच असतो, कारण माप त्याने शिकवलेलं नसतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे जादा ओतलेलं क्लीनर वाळून पातळ थर होऊन बसतं. त्या थराला चपलांची धूळ चिकटते, फरशी काळवंडते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी क्लीनर ओतलं जातं. डब्यावर लिटरला २० मिली लिहिलं असेल तर ८ लिटरच्या बादलीत १६० मिली, तेही मापाच्या कपाने. बाटली उलटी करून ‘अंदाजाने’ नाही. साचलेला थर काढायला दोन दिवस फक्त कोमट पाण्याने पुसा, काहीही न घालता. पुसण्याआधी कोरडं झाडून झालेलं असलं पाहिजे, नाहीतर मॉप चिखल पसरवतो. बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदलायचं. आणि मॉप रात्री बादलीत बुडवून ठेवायचा नाही, पिळून टांगायचा. सकाळी ऑफिसला येणारा तो कुबट वास निम्म्या वेळा मॉपचाच असतो.

उरलेल्या निम्म्या वेळा तो फ्लोअर ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भागाचा. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारपर्यंत जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, आटतं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. त्यावर फिनेल ओतणं म्हणजे तापावर अत्तर. शनिवारी निघताना प्रत्येक जाळीत एक-एक मग पाणी ओतायचं, खर्च शून्य. युरिनलचा वास मात्र आत बसलेल्या क्षाराचा असतो. तो आठवड्यातून एकदा अ‍ॅसिडवाल्या लिक्विडने काढावा लागतो, आणि तेच लिक्विड जिन्याच्या संगमरवरावर किंवा कोटा फरशीवर सांडलं तर चकाकी कायमची जाते. दोन्ही दगड अ‍ॅसिडमध्ये विरघळतात. नळांवरचं क्रोमही त्यानेच उडतं.

रंगांबद्दल थोडं मान्य. चार रंगांची पूर्ण पद्धत तुम्हाला नको. तीन पुरेत: टॉयलेटचं सगळं सामान लाल, बाकीचं निळं. पँट्रीच्या ओट्याचं फडकं तिसऱ्या रंगाचं आणि पँट्रीतच राहणारं. हे न केल्यास बेसिन पुसलेलं फडकंच टेबलावर फिरतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

करारात दोन गोष्टी मात्र सोडू नका. गैरहजर दिवसाची वजावट महिन्याच्या रकमेच्या २६व्या हिश्श्याने, कारण तुमचा रविवार बंद आहे. काही एजन्सी पगार २६ने आणि वजावट ३०ने काढतात. आणि दर महिन्याचं बिल मागच्या महिन्याच्या ईसीआरची तुमच्या कामगाराचं नाव असलेली प्रत आणि चलन जोडल्याशिवाय पास करायचं नाही. नुसतं चलन चालत नाही, त्यात नावं नसतात. बाहेरच्या उंच काचा, पाण्याची टाकी, खुर्च्यांचं शॅम्पूइंग ही वेगळी कामं, वेगळ्या दराची. आणि चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये हाऊसकीपिंगच्या माणसाला उतरवणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, मग एजन्सी तयार असो वा नसो.

तुमच्यासाठी मी सुचवेन ते असं. २४,४००वाल्या एजन्सीला सकाळी ८ ते १२ असा चार तासांचा दर मागा. तो निम्म्यापेक्षा बराच वर येईल, कारण माणसाचा येण्याजाण्याचा वेळ आणि भाडं निम्मं होत नाही. दुपारची टॉयलेटची फेरी हवीच असेल तर इमारतीतल्या दुसऱ्या एखाद्या ऑफिसशी बोला आणि दोघांत मिळून एक पूर्ण दिवसाचा माणूस घ्या: सकाळ तुमची, दुपार त्यांची, टॉयलेटच्या फेऱ्या दोघांकडे. बिलं दोन, पगार एक आणि पूर्ण. १५,५००वाला तसंही हेच करणार होता, फक्त तुम्हाला न सांगता.