उभ्या गाडीतही माणूस असतो, साहेब

नवीन व्हॅनची घोषणा झाली की स्क्रीन किती इंचांचा ते मी बघतच नाही. तो मोठा झालेलाच असतो. मी व्हॅनच्या मागच्या भागात बिछाना टाकून मुक्काम करणारा माणूस, मी एकच गोष्ट शोधतो: रात्री आतून दार उघडलं तर ही गाडी गप्प राहते का? नाही राहत. पुढचं मॉडेलही राहणार नाही, लिहून देतो.

ज्यांनी व्हॅनमध्ये रात्र काढलेली नाही त्यांना सांगतो काय होतं ते. लघवीला जायचंय. अंधारात चाचपडत दाराची मूठ ओढली की छतातले सगळे दिवे भक्कन पेटतात. पुढचा स्क्रीन जागा होतो, कंपनीचं बोधचिन्ह फिरवून दाखवतो, तुमचं स्वागत करतो. काही गाड्या कौतुकाने हेडलाइटही लावतात, मालकाला वाट दिसावी म्हणून. तो झोत नेमका शेजारच्या तंबूवर पडतो. परत येऊन रिमोटने कुलूप लावावं तर चारी इंडिकेटर लुकलुकतात. त्यात आतल्या हालचालीवर लक्ष ठेवणारा अलार्म असेल आणि तो बंद करायचा राहिला असेल, तर कूस बदलली की भोंगा. गाडीच्या मते आत हलणारा प्रत्येक जण चोर. मालक धरून.

आणि ते सरकतं दार! हळू लावलं तर अर्धवट लागतं. अर्धवट लागलं की डॅशबोर्डवर लाल खूण आणि टिंग टिंग टिंग. म्हणजे आदळावंच लागतं, आणि पत्र्याच्या रिकाम्या पेटीवर तो दणका असा काही घुमतो की आसपास झोपलेल्या प्रत्येकाला तुमच्या मूत्राशयाची खबर मिळते. महागड्या मोटारींत दार नुसतं टेकवलं की उरलेलं अंतर एक छोटी मोटर गुपचूप ओढून घेते. ही युक्ती काही काल निघालेली नाही. बहुतेक व्हॅनमध्ये मात्र देतील काय, तर बटण दाबल्यावर आपोआप उघडणारं दार, आणि तेही उघडताना पीं-पीं वाजणारं.

माझं भांडण एवढंच आहे की या गाड्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात गाडी म्हणजे फक्त धावणारी गाडी. किल्ली फिरवून बंद केली की त्यांच्या लेखी ती मेली. अहो, व्हॅन आयुष्यातला बराचसा काळ उभीच असते! आणि उभी असताना तिच्यात माणूस असतो. सुतार मागच्या भागात फळी कापत असतो, इलेक्ट्रिशियन ड्रिलच्या बॅटऱ्या चार्ज करत असतो, सामान पोहोचवणारा पोरगा दोन खेपांच्या मधे डबा खात असतो, आणि आमच्यासारखे लोक आत झोपलेले असतात. फोर्डची ट्रान्झिट १९६५ पासून रस्त्यावर आहे, फियाटची डुकाटो १९८१ पासून, मर्सिडीजची स्प्रिंटर १९९५ पासून. इतक्या वर्षांत लोक या पेट्यांत काय काय करतात हे कुणाला कळलं नाही असं थोडंच आहे? जाहिरातीत तर सगळं ठाऊक असतं. तिथे मागची दारं उघडी, समोर डोंगर, बिछान्यावर पांघरूण. दिवे मात्र तिथे कुणी भक्कन लावत नाही.

बरं, जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. फोक्सवॅगनचा ‘कॅलिफोर्निया’ नावाचा कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली व्हॅन, कारखान्यातूनच तयार होऊन येतो आणि त्यात कॅम्पिंग मोड आहे: दार उघडलं तरी दिवे लागत नाहीत. टेस्लाच्या मोटारींत कॅम्प मोड आहे, रात्रभर हवा खेळती आणि तापमान धरून. ज्या गाडीत माणसाला सरळ बसताही येत नाही तिला मुक्कामाची सोय, आणि ज्या व्हॅनमध्ये सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो तिला नाही. हे सॉफ्टवेअर आहे हो. पत्रा बदलायचा नाही, इंजिन बदलायचं नाही. एक बटण: दिवे बंद, स्क्रीन बंद, अलार्म फक्त दारांपुरता, कुलूप लागताना चकार आवाज नाही.

आता विजेकडे या, कारण माझं रक्त खरं तिथे आटतं.

आजकालच्या बहुतेक डिझेल व्हॅनमध्ये ‘स्मार्ट’ अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र) असतो. इंधन वाचावं म्हणून तो मूळ बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो आणि ब्रेक दाबला किंवा पाय उचलला की वर नेतो. कंपनीच्या दृष्टीने उत्तम. पण मागे फ्रिज, दिवे, पंखा यांच्यासाठी दुसरी बॅटरी बसवली असेल तर दिवसभर गाडी हाकूनही ती धड भरत नाही. मग मधे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे व्होल्टेज हवं तसं करून दुसरी बॅटरी भरणारा डबा, घाला, जाड केबल ओढा, प्रत्येक टोकाला फ्यूज लावा, केबल कुठून न्यायची ते शोधत सीटखाली पोटावर पडा. ही दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ती शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणजे ती गाडीच्या खाली टांगायची सोय नाही. आतच जागा द्या, आणि आत जागा कुठेय?

यातलं अर्धं काम कारखान्यात फुकटात उरकलं असतं. जास्त अँपियरचं, फ्यूज लावलेलं, नाव लिहिलेलं एक जोडटोक ड्रायव्हरच्या सीटखाली. बस. ट्रान्झिटमध्ये तसं ग्राहकाच्या जोडणीसाठीचं टोक आहे, म्हणून ती वायरिंग करणारे लोक त्या गाडीला दुवा देतात. बाकीच्यांनी ते का घेऊ नये? उलट वॉरंटीची भीती घालायची. आमच्या गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने मागची जाड केबल बघितली आणि पुढच्या दाराचा सेन्सर बिघडल्याचं खापर तिच्यावर फोडायला निघाला. त्या केबलचा त्या दाराशी संबंध काय, तर दोन्ही एकाच गाडीत आहेत एवढाच.

आणि गाडीला जे ठाऊक असतं ते ती सांगत नाही, याचा संताप वेगळाच. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून ब्रेक धरून ठेवणारी यंत्रणा आहे ना? म्हणजे आपण किती तिरके उभे आहोत हे गाडीला कळतं. मुक्कामाला थांबल्यावर डोकं खाली आणि पाय वर करून झोपू नये म्हणून मला नेमकं तेच हवं असतं: पुढे किती कल, बाजूला किती कल. त्यासाठी तो अवाढव्य स्क्रीन समोर आहेच. पण नाही! मी जमिनीवर पाणसळ ठेवतो, बायको चाकाखाली पाचर सरकवते, मी ओरडतो ‘अजून जरा’, ती ओरडते ‘झालं का’, आणि इकडे गाडीतला सेन्सर सगळं उत्तर पोटात घेऊन मख्ख बसलेला. गॅसवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी तर हा नुसता झोपेचा प्रश्न नाही. गाडी फार कलली की तो फ्रिज नीट गारच होत नाही.

वजनाचंही तेच. पुष्कळ देशांत साध्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यात रिकामी व्हॅनच निम्म्याहून जास्त वजन खाते, उंच छत घ्या की आणखी, चारही चाकांना ताकद देणारी घ्या की आणखी. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो झाले, पलंग, कपाटं, बॅटऱ्या, सायकली वेगळ्याच. मालवाहू व्हॅनवाल्याची अवस्था याहून बरी नाही. लादीचे खोके चढवताना तो अंदाजाने मान हलवतो आणि पुढे वजनकाट्यावर दंड भरतो. फोर्डच्या पिकअपमध्ये किती माल भरलाय ते गाडीच दाखवते, अशी सोय आलेली आहे. तिथे गवताच्या गठ्ठ्यांसाठी चालतं, मग जिचा जन्मच ओझं वाहायला झालाय त्या व्हॅनला ती प्रत्येक मॉडेलवर का नाही?

पत्र्याबद्दल थोडक्यात सांगणार होतो, पण राहवत नाही. रात्री दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होतं आणि ते इन्सुलेशनच्या मागे, बॉडीच्या पोकळ फासळ्यांतून खाली उतरतं. तिथे हात जात नाही, डोळा जात नाही, फक्त गंज जातो. वर आपण कपाट टांगायला जे जे भोक पाडतो ते ते गंजाला आमंत्रण. कारखान्यात बॉडी रंगवण्याआधीच भिंतींच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर आटे असलेली बोल्टची ठिकाणं दिली तर? छतावर बाहेरून कॅरियरसाठी अशी ठिकाणं पुष्कळ गाड्यांत असतात, म्हणजे कल्पना परकी नाही. भिंतीने काय पाप केलंय?

त्यात छत! हवेसाठीच्या छतावरच्या पंख्याचं माप जगजाहीर आहे, १४ इंच चौरस, नाहीतर ४०० मिलिमीटर. प्रत्येक कॅम्परवाला हेच भोक पाडतो. आणि छताला ताकद यावी म्हणून त्यावर नाळी दाबलेल्या असतात, नेमक्या अशा की पंख्याची चौकट सपाट बसत नाही. मग तिच्याखाली खास आकाराची पट्टी लावा, सीलंट थापा, आणि पहिल्या पावसात टॉर्च घेऊन वर बघत बसा. अहो, दोन सपाट चौकोन सोडा की छतावर! ज्यांना नको ते नाही कापणार.

रुंदीबद्दल फार नाही बोलत. डुकाटोच्या भिंती सरळ उभ्या, म्हणून तिच्यात बेताच्या उंचीची माणसं आडवी झोपतात आणि गाडीची बरीच लांबी वाचते. बाकीच्यांच्या भिंती वर निमुळत्या. मग लोक बाजूचा चांगला पत्रा कापून तिथे बाहेर फुगलेली कवचं बसवतात. नव्याकोऱ्या गाडीचा पत्रा कापायला लागतो, यापेक्षा स्पष्ट मागणी अजून काय लिहून द्यायची?

डिझेलवाल्यांची आणखी एक जखम आहे. धूर स्वच्छ व्हावा म्हणून युरियाचं ३२.५ टक्के द्रावण वेगळ्या टाकीत भरतात. ठीक आहे, धूर स्वच्छ हवाच, त्याबद्दल वाद नाही. ते उणे ११ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून टाकीत हीटर असतो, पातळी मोजणारा सेन्सर असतो, दर्जा मोजणारा सेन्सर असतो, आणि यातलं काहीही बिघडलं की डॅशबोर्डवर उलटी मोजणी सुरू होते: इतक्या अंतरानंतर गाडी सुरू होणार नाही. टाकी भरलेली आहे. द्रावण चांगलं आहे. मेलाय तो सेन्सर. आणि तुम्ही आहात वर्कशॉपपासून दूर, मागे घरदार घेऊन. भविष्यातल्या व्हॅनकडून माझी अपेक्षा फार नाही: ‘माल संपला’ आणि ‘मोजणारा आजारी पडला’ यांतला फरक तिने ओळखावा, आणि दुसऱ्या बाबतीत निदान हळूहळू का होईना घरापर्यंत जाऊ द्यावं.

इलेक्ट्रिक आली की सगळं सुटेल म्हणतात. सुटेलही. ई-स्प्रिंटरमध्ये ११३ किलोवॉट-तासांपर्यंतची बॅटरी मिळते. फ्रिज, दिवे आणि पंख्याला दिवसाला त्यातला चिमूटभर भाग पुरे. ई-ट्रान्झिटमध्ये अवजारं चालवायला मागे साधं सॉकेट मिळू शकतं, शाब्बास. पण ते जास्तीच्या पर्यायांच्या यादीत कशाला? एवढी मोठी बॅटरी बुडाखाली घेऊन फिरणाऱ्या माणसाने फ्रिजसाठी आणखी एक बॅटरी विकत घेऊन आत बसवायची, हा विनोद कुणाला कळतोय का?

आणि पर्यायांवरून आठवलं. गाडी बंद असताना आत ऊब देणारा डिझेल हीटर बसवायचा तर टाकीतून इंधन घेणारी एक बारीक नळी लागते. टाकीवर तेवढं एक तोंड आधीच दिलेलं असेल तर काम तासाभराचं. नसेल तर अख्खी टाकी खाली उतरवा. काही कंपन्या ते तोंड देतात, पण नवी गाडी नोंदवताना यादीतल्या कुठल्याशा पानावर खूण केली असेल तरच. ती गाडी पहिल्यांदा घेणारी कुरिअर कंपनी असते, तिला कसला आलाय हीटर? ती खूण करत नाही, आणि वापरलेली गाडी घेणारा पुढचा माणूस टाकीखाली जॅक लावून झोपतो. चिमूटभर नळी आहे ती. यादीतून काढा आणि ती खूण तुम्हीच करून पाठवा.